माहेरचा पत्ता

बायकोला वाटतं, निवृत्त झाल्यापासून माझं डोकं फिरलंय. पेपर वाचताना मी चिडतो. फोन वाजला की दचकतो. नळ आला की घरभर ओरडत फिरतो — झाकणं लावा, पाण्याच्या कोठीवर झाकण लावा. रिकामं बसल्यानं असं होतं, म्हणते ती. मी तिला तसं वाटू देतो. खरं काय ते तिला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्यालाही नाही. आज पहिल्यांदा लिहायला बसलोय, तरी हात दुसरीकडेच वळतो — आधी गावाचं सांगू, आधी नगर परिषदेचं सांगू. ठीक आहे, तिथूनच सुरू करतो. पण तिथंच घोटाळत राहिलो तर समजा, हा माणूस पुन्हा पळाला.

जिल्हा यवतमाळ. तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही. नावं बदलणं, पत्ते बदलणं ही माझी जुनी सवय आहे, ते पुढं कळेलच तुम्हाला. तिथल्या नगर परिषदेत मी स्वच्छता निरीक्षक होतो. गावंडे साहेब. लोकांना वाटतं, आरोग्य म्हणजे दवाखाना. दवाखाना सरकारचा, तिथं डॉक्टर असतो, त्याला शिव्या घालता येतात. पण माणूस दवाखान्यात जायच्या आधीचं जे आरोग्य असतं — पाणी, नाली, डास — ते नगर परिषदेचं. म्हणजे माझं.

आणि माझ्याजवळ काय होतं? कागदावर हाताखाली एक हिवताप पथक होतं. प्रत्यक्षात दोन माणसं. त्यातला एक कर वसुलीला जोडलेला, दुसरा एका पदाधिकाऱ्याच्या बंगल्यावर झाडांना पाणी घालायला. मुख्याधिकाऱ्यांकडे दोन गावांचा कारभार, आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. नळ आठ दिवसांनी यायचा, कारण धरणापासूनची पाइपलाइन दर महिन्याला कुठं ना कुठं फुटायची. डास मारायची धुराची मशीन मोडक्या खुर्च्यांखाली पडली होती. तिची कॉइल जळलेली. गॅरेजवाल्या इरफाननं सांगितलं होतं, "साहेब, आणून टाका माह्याकडे, एका दिवसात चालू करून देतो." पण नगर परिषदेची वस्तू बाहेर द्यायची तर तीन दरपत्रकं पाहिजेत, मग टिप्पणी, मग मंजुरी. गावात मशीन दुरुस्त करू शकणारा माणूस एकच, मग तीन दरपत्रकं आणायची कुठून? मशीन दोन पावसाळे तशीच पडून राहिली.

राग येतो ना? मलाही येतो. निवृत्तीपर्यंत मी हे चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही बोलायचो. रिकामी पदं, बंद मशीन, न येणारे अधिकारी. गावात मी स्पष्टवक्ता म्हणून ओळखला जातो. लोक म्हणायचे, गावंडे साहेब खरं बोलतात. आणि यात एकही शब्द खोटा नव्हता. पण तुम्हाला सांगतो, हा सगळा खरा राग मी पांघरुणासारखा वापरला. त्याच्याखाली काय झाकलं होतं, ते आता सांगतो.

इरफानचं गॅरेज बसस्टँडच्या रस्त्यावर. घर लोहारपुऱ्यात. मोटरसायकली, पाण्याचे पंप, फवारणीचे पंप — जे बिघडेल ते त्याच्याकडे. माझी स्कूटर त्यानंच इतकी वर्षं जिवंत ठेवली. त्याची मोठी मुलगी सानिया. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते ऑफिसात, दहा-बारा बायकांच्या पुढं उभी. लोहारपुऱ्यातल्या बायका पाण्याचा अर्ज घेऊन आल्या होत्या. त्यांना मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. अर्ज सानियानं लिहिला होता, दहावीतल्या मुलीच्या गोल, स्वच्छ अक्षरात. पाणी आठ दिवसांनी येतं, त्यामुळे साठवावं लागतं, साठवलेल्या पाण्यात अळ्या होतात, तरी एक तर पाणी लवकर द्यावं नाहीतर औषध टाकायला माणूस पाठवावा. मी अर्ज घेतला आणि म्हणालो, ठीक आहे, पाहतो. बायका वळल्या. ही जागची हलली नाही.

"पोच पाहिजे, सर. नंबर टाकून."

मी हसलो. शिक्का मारून दिला. तिनं तारीख नीट वाचली, कागदाची घडी घातली, दप्तरात ठेवली आणि मग गेली. त्या अर्जाला मी उत्तर दिलं नाही. उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच माझ्याजवळ — पण हे सुद्धा मी तिला लिहून कळवलं नाही.

गणपती उठले, त्यानंतरची गोष्ट. करोनाच्या आधलं वर्ष. जिल्ह्याच्या हिवताप ऑफिसातून एक कागद आला. यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात आमच्या गावच्या बाईचं रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. नाव नाजमीन, वय चोवीस, पत्ता लोहारपुरा. असा कागद आला की कामं ठरलेली असतात. त्या घराच्या आजूबाजूची सगळी घरं तपासायची, साठवलेलं पाणी पाहायचं, अळ्या असतील तिथं औषध टाकायचं, तापाचे रोगी शोधायचे, धूर करायचा, अहवाल पाठवायचा. अवघड काहीच नाही. दोन माणसं आणि तीन दिवस.

पण त्याच पंधरवड्यात स्वच्छतेच्या स्पर्धेची तपासणी समिती गावात येणार होती. सगळी माणसं भिंती रंगवायला लावलेली. मुख्याधिकाऱ्यांनी कागद वाचला, माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "आत्ता हे कुठून काढलं? बघा गावंडे, काय होतं ते." एवढंच. खोटं लिहा असं ते म्हणाले नाहीत. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात ते वाक्य त्यांच्या तोंडी घालत आलो. ते म्हणाले, बघा. मी बघितलं.

स्कूटर काढून मी लोहारपुऱ्यात गेलो. नाजमीन दवाखान्यातून सुटून आली होती, आत खाटेवर पडलेली. सासू हमीदाबी. तिनं मला खुर्ची दिली, चहा ठेवला. नाजमीनचं माहेर कुठलं, ते मी सहज विचारल्यासारखं विचारलं. उमरखेडकडचं एक खेडं. आराम पडावा म्हणून परवा तिकडेच पाठवतोय, म्हणाली. मला हवं होतं ते मिळालं.

मग ती मला मोरीशेजारच्या सिमेंटच्या टाक्याकडे घेऊन गेली. वरचं फडकं काढलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. एक-दोन नाहीत.

"हे पाहा ना, साहेब. आठ दिवसानं पानी येते, साठवून ठेवा लागते. औषध टाकाले माणूस पाठवसान काय?"

औषधाची बाटली ऑफिसात माझ्या कपाटात होती. कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात. माणूस नसला तर मी स्वतः घेऊन येऊ शकत होतो, दहा मिनिटांचा रस्ता. तुम्ही म्हणाल, मग का नाही नेली? कारण औषध टाकलं की नोंद होते. नोंद झाली की या घरात डेंग्यू होता हे लिहिलं जातं. आणि मला तर लिहायचं होतं की इथं काही नव्हतं. मी हमीदाबीला म्हणालो, पाठवतो. माणूस पाठवला नाही. हा आळस नव्हता, माणसं कमी होती म्हणूनही नव्हतं. औषध टाकल्यानं माझं खोटं उघडं पडलं असतं म्हणून मी औषध टाकलं नाही.

आणि निघताना आणखी एक केलं. मी तिला म्हणालो, डेंग्यू झाला होता असं कुणाला सांगत बसू नका. टायफाईड म्हणा. नाहीतर मोहल्ल्यात म्हणतील, हमीदाबीच्या सुनेनं रोग आणला. नवी सून आहे, नावं ठेवतील. बिचारी घाबरली. म्हणाली, नाही सांगत साहेब. माझ्यावर तिचा विश्वास होता. सुनेबद्दलच्या तिच्या काळजीचा मी असा उपयोग करून घेतला.

ऑफिसात येऊन मी अहवाल लिहिला. सदर रुग्ण गेल्या महिन्याभरापासून माहेरी वास्तव्यास असून लागण तिकडेच झाल्याचे दिसते. नगर परिषद हद्दीत सर्वेक्षण केले, एकही संशयित रुग्ण अथवा डासोत्पत्तीस्थान आढळले नाही. खाली माझी सही. कागद उमरखेडकडे गेला. तिकडच्यांनी कळवलं असेल की बाई आमच्याकडे नंतर आली, लागण इकडची नाही. दोन ऑफिसं आपापसात पत्रं लिहीत बसली असतील. मला ठाऊकच होतं की असं होईल. एवढी वर्षं नोकरी करून मी दुसरं काय शिकलो होतो? रोगाला हद्दीबाहेर काढता येत नाही, रोग्याचा पत्ता मात्र काढता येतो — हे मला छान जमायचं.

हमीदाबीच्या घरापासून मध्ये दोन घरं सोडली की इरफानचं घर.

समिती यायला चार-पाच दिवस होते. मी बाजाराच्या भिंतीपाशी उभा होतो. रंगारी भिंतीवर झाडं आणि चिमण्या काढत होता. फोन वाजला.

"साहेब, इरफान बोलून राह्यलो. सानियाले तीन दिवस झाले ताप आहे, अंग लय दुखून राह्यलं तिचं. सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर विचारून राह्यले, तुमच्या मोहल्ल्यात कोणाले डेंगू झालता काय. म्हटलं, साहेबाले माहीत असन."

माझ्या शेजारी कुणी नव्हतं. मुख्याधिकारी त्या दिवशी दुसऱ्या गावात होते. रंगारी शिडीवर होता, त्याच्या कानात गाणी. माझ्यावर कुणाचा दाब नव्हता, कुणाची नजर नव्हती. मी म्हणालो, नाही रे, आपल्या भागात एकही नाही.

तो म्हणाला, "हमीदाबीच्या सुनेले टायफाईडच होता ना?"

मी म्हणालो, "हो. टायफाईडच."

"बरं झालं साहेब. जिवाले बरं वाटलं."

हेच ते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कागदावर खोटं लिहिणारे सरकारी ऑफिसात खूप असतात, त्यांची मला कीव येते, कधी कधी समजूनही घेता येतं. पण जिवंत माणूस फोनवर विचारतोय, माझ्या मुलीला काय झालं असेल, आणि त्याला खरं सांगायला एक शब्द पुरतो — तिथं मी खोटं बोललो. सहजपणे बोललो. आवाज हलला नाही. फोन ठेवून मी रंगाऱ्याला सांगितलं, चिमणी जरा मोठी काढ.

त्या दवाखान्यात डेंग्यूच्या तपासणीचं साहित्य तेव्हा नव्हतं. संशय असेल तर रक्त यवतमाळला पाठवायचं. आमच्या भागात रोगीच नाही म्हटल्यावर डॉक्टरला कशाचा संशय येणार? बाहेर शंभर माणसं रांगेत. त्यानं तापाच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. त्या डॉक्टरला नंतर लोहारपुऱ्यातल्या लोकांनी खूप शिव्या दिल्या. मी ऐकत उभा होतो. दुसऱ्याच वर्षी तो बदली करून गेला.

पाचव्या दिवशी सानियाचा ताप उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. या रोगात ताप उतरतो तेव्हाच माणसाला सांभाळायचं असतं, हे मला माहीत होतं — शाळांमधून भाषणं दिली होती मी त्यावर. तिला माहीत नव्हतं, तिच्या आईला माहीत नव्हतं. दुपारी पोट दुखतं म्हणाली. हातपाय गार पडले. इरफाननं मित्राची गाडी काढली आणि यवतमाळचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत ती गेली. सोळा वर्षांची होती.

फोन आल्यापासून तिच्या जाण्यापर्यंत मध्ये दोन दिवस होते. इरफानचा नंबर माझ्याजवळ होता. त्या दोन दिवसांत मी त्याच्या गॅरेजवरून चार वेळा तरी गेलो असेन. शटर बंद दिसत होतं. एकदा स्कूटर हळू केली, थांबवली नाही. मी स्वतःला काय सांगितलं? साधा ताप असेल. असेलच साधा. सगळ्यांनाच थोडाच डेंग्यू होतो? असंच काहीतरी. माणूस स्वतःशी किती हलकट बोलू शकतो, हे त्या दोन दिवसांत मला कळलं असतं, जर मी ऐकत असतो.

मी मय्यतीला गेलो. तोंड पाडून उभा राहिलो. हमीदाबी बायकांमध्ये बसली होती. तिला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं म्हणून ती गप्प बसली होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओढणी तोंडावर घेतली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. करोनात ती वारली. म्हणजे माझं पाप त्या बाईनं मरेपर्यंत वागवलं, तिचा काही संबंध नसताना. तिचं तर मी धडधडीत नुकसान केलं, आणि त्याबद्दल मला कुणी कधी विचारलंही नाही.

पुढचं सांगताना मला अजून संताप येतो. मुलगी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून धुराची मशीन मागवली. एक संध्याकाळ लोहारपुऱ्यात धूर केला. पदाधिकारी पुढं, फोटो काढणारा त्यांच्या पुढं. म्हणजे मशीन मिळत होती. फोन केला की मिळत होती. सानियाचं रक्त कधी तपासलंच गेलं नव्हतं, त्यामुळे तिचा मृत्यू डेंग्यूचा ठरला नाही. नोंदीत कारण लिहिलं, ताप. त्या हंगामात आमच्या हद्दीत डेंग्यूचा एकही रोगी नव्हता. समिती आली, भिंतीवरच्या चिमण्या पाहून खूश झाली. नगर परिषदेला प्रशस्तिपत्र मिळालं. ते घ्यायला मंचावर जे चार जण गेले, त्यात मी होतो. नवा शर्ट शिवून घेतला होता.

आणि पाणी? अजून आठ दिवसांनीच येतं. माझ्या जागेवर कुणी आलेलं नाही, दुसऱ्या गावचा निरीक्षक आठवड्यातून एकदा येऊन सह्या करून जातो. मी हे सगळं पुन्हा मोठ्यानं ओरडून सांगू शकतो. पण लक्षात घ्या, दहा निरीक्षक असते, शंभर मशिनी असत्या, पाणी रोज आलं असतं, तरी फोनवर जो बोलला तो माणूस तसाच राहिला असता. आणि काहीच नसताना, त्या मोडक्या ऑफिसातही, एक खरा शब्द माझ्याजवळ शिल्लक होता. तो मंजुरीविना देता येत होता.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. सभागृहात निरोप समारंभ. शाल, नारळ, भाषणं. सगळे बोलून झाल्यावर मागून इरफान उठला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. दाढी पांढरी झालेली, हातावर ग्रीसचे डाग तसेच. माइकपाशी आला आणि म्हणाला, "मले भाषण येत नाही. माही पोरगी बिमार होती तेव्हा मी लय लोकायले फोन लावले. कोणी उचलला नाही. एकट्या गावंडे साहेबानं उचलला." मग माझ्याजवळ येऊन त्यानं मला मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यातला हार आमच्या दोघांच्या मध्ये चुरगळला. माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता, चालू होता. मी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि आभार मानले.

त्यानंतर मी स्कूटर विकून टाकली. बायकोला सांगितलं, आता झेपत नाही. खरं म्हणजे मला गॅरेजवर जायचं नव्हतं.

हे कागद तीन दिवसांपासून लिहितोय. बायकोनं दोनदा विचारलं, काय लिहिता. आज जेवताना तिला वाचून दाखवलं, फोनचा भाग येईपर्यंत. तिथं मी थांबलो, तर तिनं कागद हातात घेतले आणि उरलेले स्वतः वाचले. वाचून झाल्यावर ती ताट तसंच ठेवून आत गेली. अजून बाहेर आलेली नाही.

उद्या सकाळी नऊला गॅरेज उघडतं. हे सगळं मी इरफानपुढं वाचणार आहे. त्याची धाकटी मुलगी तिथं असेल तर तिच्यापुढंही. नाजमीनचं नाव, पत्ता, टाकं, औषधाची बाटली, फोन — काही गाळणार नाही. तो काय म्हणेल, काय करेल, ते त्याचं आहे. मी ते कुठं लिहिणार नाही.